डोंगर निळे केले तरी दूर जात नाहीत

पुसटरेघ
मंडळी, हात टेकले म्हणून हा धागा. १६ बाय २० इंचाच्या कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये एक दरी रंगवतोय. डावीकडे मोठं झाड, पुढे दगड आणि वाळकं गवत, मधे नदीचं वळण, मागे डोंगरांच्या तीन रांगा. मीच काढलेल्या फोटोवरून. फोटोत शेवटची रांग अगदी आहे-नाही अशी आहे. माझ्या चित्रात मात्र ती नाटकाच्या पडद्यासारखी झाडामागे टांगलेली दिसते.

'दूरचं ते निळं' एवढं ऐकून होतो, म्हणून निळा वाढवला. रांग आणखीच पुढे आली. मग पांढरा घातला, तर खडू फासल्यासारखी झाली. आता तिन्ही रांगांवर मिळून पाचसहा थर चढलेत, कॅनव्हासची वीण बुजलीय, आणि घरचे म्हणतात "छान आहे की". तेच जास्त लागतं.

रंग: अल्ट्रामरीन (गडद निळा), सेरुलियन (आकाशी निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), सॅप ग्रीन, टायटॅनियम व्हाइट. काळा वापरत नाही, शिकवणाऱ्यांनी तंबी दिली होती. चित्र आणि मूळ फोटो दोन्ही खाली डकवलेत. झोडपा बिनधास्त.

जुना_कुंचला
झोडपण्यासारखं काही नाही. नदीचं वळण चांगलं जमलंय, ते हलवू नका.

तुमच्या चित्राचा फोटो डाउनलोड करून कृष्णधवल केला. तुम्हीही करा आणि शेवटच्या रांगेशेजारी नदीकाठची झाडी ठेवून बघा. दोन्हींचा टोन एकच! झाडी हिरवी, डोंगर निळा, म्हणून डोळ्याला वेगळे वाटतात, पण गडदपणात काडीचा फरक नाही. मग डोंगर मागे जाणार कसा? अल्ट्रामरीन हा मुळात फार गडद आणि तेज रंग. तो वाढवलात तेव्हा डोंगर निळा झाला, त्याबरोबर काळवंडला आणि भडकही झाला. मग पुढे येणारच.

निळा हा शेवटचा मुद्दा आहे. पहिला मुद्दा गडद-फिकट.

गेरूमाती
+१. डोळे बारीक करून बघायची सवय लावा. मूळ फोटोकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं तर शेवटची रांग आकाशात विरघळते. तुमच्या चित्राकडे तसं पाहिलं तर ती आणखी ठळक होते.

दुसरं म्हणजे डोंगराची वरची कड. तुम्ही ती कोरलीय. रंग लावून मग वरून आकाशाच्या रंगाने कापून घेतलीत ना? दिसतंय. दोन्ही रंग ओले असताना कोरड्या मऊ ब्रशने एकदा फिरवलं असतं तर अर्धं काम झालं असतं. ॲक्रिलिकला तेवढा वेळ मिळत नाही, मान्य.

पुसटरेघ
कापूनच घेतलीय. चोरी पकडली.

जुना_कुंचला, कृष्णधवल करून बघितलं आणि पोटात खड्डा पडला. तिन्ही रांगा मिळून एकच करडा ठिगळ. पण एक सांगा, रंग कालवताना तो पॅलेटवर बराच फिकट होता, शपथ. वाळल्यावर गडद झाला असं होतं का, की माझे डोळेच गेलेत?

जुना_कुंचला
डोळे ठीक आहेत. ॲक्रिलिकचा बांधक, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग, ओला असताना दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो. दुधाळपणा गेला की रंग गडद दिसतो. मध्यम टोनमध्येही हे जाणवतं, आणि दूरचे डोंगर नेमके तिथेच येतात. जलरंगांत उलटं, वाळल्यावर फिकट. गुऑशचं, म्हणजे अपारदर्शक जलरंगांचं, तर आणखी तिरपागडं: गडद रंग वाळून फिकट होतात आणि फिकट रंग गडद.

उपाय एकच. कागदाच्या तुकड्यावर ठिपका द्या, वाळू द्या, मग चित्राला धरून बघा. कंटाळवाणं आहे. मी तीस वर्षं करतोय आणि अजूनही कंटाळतो.

सावली_मोजते
माझा विषय भौतिकशास्त्र, चित्रकला रविवारची. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आपण आणि डोंगर यांच्यामध्ये हवा असते आणि ती दोन कामं एकाच वेळी करते. डोंगराकडून निघालेला प्रकाश वाटेतच इकडेतिकडे उधळून कमी करते. शिवाय सूर्याचा आणि आकाशाचा प्रकाश स्वतः उधळून त्यातला काही आपल्या डोळ्यांत घालते. म्हणजे हवा ही नुसती रंगीत काच नाही, ती स्वतः उजळलेला पडदा आहे. गडद वस्तूवर या पडद्याचा परिणाम प्रचंड होतो, उजळ वस्तूवर अगदी थोडा. म्हणून दूर जाताना सावल्या उजळतात. उन्हातले भाग जवळजवळ तसेच राहतात.

आकडे घेऊन दाखवते. काळा ०, पांढरा १०. क्षितिजालगतचं आकाश ९ धरू. पुढच्या झाडाची सावली १, त्याचा उन्हातला भाग ७. समजा प्रत्येक रांगेमागे आकाशापासूनचा फरक ६० टक्के उरतो. सावलीचा फरक ८ होता, तो पहिल्या रांगेत ४.८ होतो, म्हणजे सावली थेट ४.२ वर. दुसऱ्या रांगेत ६.१, तिसरीत ७.३. उन्हातला भाग मात्र ७ वरून ७.८, मग ८.३, मग ८.६.

आता ऊन-सावलीतलं अंतर बघा: ६, मग ३.६, मग २.२, मग १.३. शेवटच्या रांगेत ऊन आणि सावली जवळपास एकच. आणि सगळ्यात मोठी उडी पहिल्या टप्प्यातच आहे, १ वरून ४.२. आपण नवशिके लोक १, ३, ५, ७ अशा सारख्या पायऱ्या करतो, तिथे चुकतं. चित्रकाराची टोनपट्टी आणि प्रकाशाचं खरं मोजमाप एकच नसतं आणि रांगांमधली अंतरंही सारखी नसतात, त्यामुळे हे आकडे पॅलेटवर उतरवायचे नाहीत. पण चढाचा आकार असाच: आधी झपकन, मग हळूहळू.

कोश्मीडर नावाच्या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये दृश्यमानतेचं सूत्र मांडलं ते याच पायावर. क्षितिजासमोरच्या काळ्या वस्तूचा आकाशाशी फरक २ टक्क्यांवर आला की ती दिसेनाशी झाली असं त्यात धरलंय.

नवखा_वॉश
वाचनखूण साठवली. ४.२ वाला परिच्छेद तीनदा वाचला.

उलटतपासणी
सगळं छान, पण 'दूरचं ते निळं' हा नियम मुळातच अर्धवट आहे हे कोणीतरी स्पष्ट म्हणा. क्षितिजाजवळचे पांढरे ढग कधी नीट पाहिलेत? डोक्यावरचा ढग शुभ्र, लांबचा ढग सायीसारखा पिवळसर, कधी गुलाबट. लांबचा बर्फाच्छादित डोंगरही तसाच. आणि मावळतीला तर दूरच्या रांगा नारिंगी होतात. मग 'दूरचे रंग थंड, जवळचे उष्ण' याचं काय करायचं?

नियम पाठ करून रंगवणाऱ्यांची चित्रं ओळखू येतात. पुढे तपकिरी, मधे हिरवं, मागे निळं. तीन थरांची बर्फी.

सावली_मोजते
बरोबर बोललात, आणि कारण तेच आहे. हवेचे रेणू प्रकाशलहरीपेक्षा कितीतरी लहान. ते लहान लहरी जास्त उधळतात, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने हे १८७१ मध्ये दाखवलं. ४५० नॅनोमीटरचा निळा ६५० च्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त उधळतो. गडद डोंगराकडून आपल्याकडे फारसा प्रकाश येतच नाही, मधल्या हवेने उधळलेला निळाच दिसतो. उजळ ढगाकडून भरपूर प्रकाश निघतो, त्यातला निळा वाटेत गळतो, उरतो तो पिवळसर. एकच हवा: गडदावर निळी, उजळावर पिवळी.

घरात बघायचं असेल तर विझलेल्या काडीचा धूर बघा. काळ्या दारासमोर धुराची रेघ निळसर दिसते. तीच रेघ वर जाऊन उजेडाच्या खिडकीसमोर आली की तपकिरी. धूर बदलत नाही, मागचं बदलतं.

धुक्यात हे काही चालत नाही. पाण्याचे थेंब मोठे, ते सगळ्या लहरी सारख्याच उधळतात. म्हणून धुक्यातला डोंगर पांढुरका-करडा होतो, निळा होत नाही. तर निळा किती घालायचा हे त्या दिवशीची हवा ठरवते.

गेरूमाती
तीन थरांच्या बर्फीवरून आठवलं. १५०० च्या सुमाराला फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडचे) चित्रकार अगदी तेच करत होते, पाटिनिर हे त्यातलं मोठं नाव. पुढे तपकिरी, मग हिरवा, मग निळा. लिओनार्दो दा विंचीने तर हिशोब लिहून ठेवलाय: इमारत पाचपट लांब दाखवायची असेल तर पाचपट निळी करा. त्यामुळे पुसटरेघ, तुमची चूक ५०० वर्षं जुनी आणि खानदानी आहे.

जुना_कुंचला
पण लिओनार्दोने नुसतं निळं करा म्हटलेलं नाही, लांबच्या इमारतीची बाह्यरेषाही कमी करायला सांगितलीय. ते कोणी लक्षात ठेवत नाही.

आणि निळ्याचं टुमणं सोडायचं असेल तर ग्वो शी या चिनी चित्रकाराचं १०७२ सालचं 'वसंतारंभ' बघा. रेशमावर शाई आणि नावापुरता रंग. निळ्याचा आधारच नाही, तरी डोंगर मैलभर मागे जातात. सगळी किमया शाईच्या टोनची आणि मधे कोऱ्या सोडलेल्या धुक्याची. तो डोंगराचा पायथा रंगवतच नाही!

पुसटरेघ, आता तुमचे पायथे बघा.

पुसटरेघ
बघितले. तिन्ही रांगा खाली गडद, वर फिकट. डोंगर 'बसावेत' म्हणून मी मुद्दाम खाली सावली दिली होती. म्हणजे नेमकं उलटं केलं?

जुना_कुंचला
नेमकं उलटं. धूळ, दमटपणा, धुकं सगळं खाली साचतं. पायथ्याकडे पाहताना नजर जास्त दाट हवेतून जाते. म्हणून माथा ठळक, पायथा विरलेला. त्या विरलेल्या पट्ट्यावर पुढच्या रांगेचा गडद माथा आला की दोघांमध्ये हवा भरल्यासारखी वाटते. तुमच्याकडे गडद पायथ्याला गडद माथा चिकटलाय. तिथेच दरी बुजली. माझ्या मते तुमच्या चित्राचा मुख्य रोग हा आहे, रंग नव्हे.

उलटतपासणी
याला +१०. यावर वाद घालत नाही, नोंद घ्यावी.

नवखा_वॉश
धागा पळवत नाहीये, पण जलरंगात पायथा विरवायचा कसा? मी माथा रंगवते, ओला असतानाच खाली साधं पाणी लावते, की रंग आपोआप खाली विरेल. दर वेळी पाणी उलटं वर चढतं आणि मधे फुलकोबीसारखा कातरलेल्या कडेचा डाग उगवतो.

गेरूमाती
फुलकोबी म्हणजे पाणी जास्त झालं. नियम सोपा आहे: कागदावर जेवढं पाणी आहे त्याहून कमी पाणी ब्रशवर हवं. ब्रश धुवा, फडक्यावर टिपा, ओलसर राहिला की मग पायथ्याची कड ओढा. बोर्ड थोडा तिरका ठेवा. आणि कागदाची चमक गेली असेल तर हात लावू नका! निम्म्या फुलकोब्या त्या अर्धवट वाळलेल्या मिनिटभरात उगवतात.

एक रांग पूर्ण वाळल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही. शेवटच्या रांगेपासून पुढे या. जलरंगात पांढरा मागून घालता येत नाही, त्यामुळे दूरची रांग 'फारच फिकट झाली' असं वाटेल इतकी फिकट ठेवायची. पुढचं गडद झाड आलं की ती आपोआप जागेवर बसते.

पुसटरेघ
आता दुरुस्ती कशी करू? सगळं खरवडून परत, की वरून काही होईल?

जुना_कुंचला
खरवडू नका. गडद डोंगर तयार आहेत, त्याचा फायदा घ्या. वाळलेल्या थरावर पांढऱ्याचा विरळ थर द्या. ब्रश जवळजवळ कोरडा, ताठ केसांचा. पांढऱ्यात किंचित ऑकर. निळा अजिबात नको. ब्रश फडक्यावर पुसून घ्या आणि पायथ्याकडून वर घासत न्या, माथ्याला पोहोचायच्या आत संपू द्या. गंमत बघा, निळा न घालता डोंगर निळा होईल.

सावली_मोजते
होणारच! काळ्या दारासमोरचा धूर तो हाच. पांढऱ्या रंगाचे बारीक कण गडद पार्श्वभूमीवर निळा जास्त परत फेकतात. तुम्ही डोंगरासमोर खरोखरच हवा रंगवताय.

जुना_कुंचला
तैलरंगवाले हे शेकडो वर्षं करत आलेत, कारण आज कळलं. ताई, आभार.

पुढच्या चित्रापासून मात्र हे करा: क्षितिजाजवळच्या आकाशाचा रंग आधी कालवा, भरपूर, पॅलेटच्या कोपऱ्यात मोठा गोळा. पुढच्या झाडीचा गडद रंग घ्या, त्यात तो गोळा मिसळून पहिली रांग. त्याच मिश्रणात आणखी गोळा, दुसरी रांग. मग तिसरी. दर रांगेला नळीतून नवा निळा काढायचा नाही. आकाश संध्याकाळचं असेल तर गोळा नारिंगी, डोंगरही त्या वाटेने नारिंगी होतील. उलटतपासणी यांचं समाधान होईल.

गडदासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. काळा न वापरण्याची तंबी मात्र मला पटत नाही. वापरणाऱ्याचा हात बघावा.

उलटतपासणी
काळ्यावर वेगळा धागा काढा, इथे रक्तपात नको.

पुसटरेघ यांच्या मूळ फोटोबद्दल एक राहिलंच. सूर्य समोर आहे. सूर्याकडे तोंड करून बघताना हवेचा पडदा जास्त झळाळतो, म्हणून त्यांच्या फोटोत शेवटची रांग जवळजवळ गायब आहे. सूर्य पाठीशी असता तर तीच रांग बरीच स्पष्ट दिसली असती. कॅमेऱ्याने झाडाखालची सावलीही ठार काळी करून टाकलीय. प्रत्यक्षात त्या सावलीत आकाशाचा उजेड असतो, खोड आणि दगड दिसतात. फोटोतला काळा जसाच्या तसा उचलला की पुढे खड्डा पडतो. तुमच्या झाडाखाली पडलाय.

धुरकट
अवांतर: हवाच नसेल तर? १९७१ साली अपोलो १४ चे दोन अंतराळवीर चंद्रावर एका विवराची कड शोधत चढण चढत होते. हवा नाही, त्यामुळे लांबचं आणि जवळचं सारखंच कडक. झाड नाही, घर नाही, मोजायला ओळखीचं काही नाही. कड सापडेना म्हणून परत फिरले. नंतर कळलं की ते कडेपासून साधारण ३० मीटरवर होते.

गेरूमाती
आपल्या पहिल्या चित्रांत सगळे डोंगर चंद्रावरचेच असतात.

पुसटरेघ
चार दिवसांनी येतोय. फोटो डकवलाय.

केलं ते असं: पायथ्यांवर पांढरा-ऑकर, कोरड्या ब्रशने, तीन वेळा, प्रत्येक वेळी वाळू देऊन. पहिल्या थराला काही झालंय असं वाटलंच नाही, दुसऱ्याला मागची रांग हलली. खरंच निळी झाली! निळ्याची ट्यूब उघडलीसुद्धा नव्हती. तिसरा थर मधल्या रांगेवर जास्त झाला, तिथे कणीदार दिसतंय, ओल्या बोटाने थोडं पुसलं. शेवटच्या रांगेची कड आकाशाच्या रंगाने दोन ठिकाणी पूर्ण मोडली. हात थरथरत होता.

झाडाखालच्या खड्ड्यात सिएना आणि थोडा सेरुलियन टाकून दोन दगड बाहेर काढले.

आता डोंगर लांब गेले, पण झाड कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतंय.

सावली_मोजते
डोंगर आता खरंच दूर आहेत. मधल्या रांगेची कणी मला आवडली, उन्हातली धूळ वाटते. हात लावू नका.

जुना_कुंचला
कणी राहू द्या. झाडाचं दुखणं दोन जागी आहे. एक, उजवीकडची आडवी फांदी नेमकी मधल्या रांगेच्या माथ्यावरून, त्याच तिरपेने जातेय. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटल्यात, डोळ्याला कळत नाही कोण पुढे. फांदी तरी वर घ्या, नाहीतर डोंगराला आरपार छेदू द्या.

दोन, पानांमधली आकाशाची भोकं. तुम्ही ती मोकळ्या आकाशाच्याच रंगाने भरलीत. लहान भोकाच्या कडेने पानं आणि काड्या उजेड खातात, म्हणून त्यातलं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा जरा गडद रंगवायचं. भोक जितकं लहान तितकं गडद. नाहीतर ती झाडावर टाकलेल्या खडीसारखी चमकतात आणि झाड पत्र्याचं होतं. शिवाय भोकं फार आहेत. मी २३ मोजली.

पुसटरेघ
२३? मी दहाबारा समजत होतो.

फांदी छेदून खाली आणली, ते एका ब्रशात झालं. भोकांपैकी १४ बुजवली. उरलेली आकाशाच्या गोळ्यात किंचित सॅप ग्रीन घालून परत भरली. वरच्या टोकाची दोन मात्र तशीच उजळ ठेवलीत, तिथे पानं विरळ आहेत. बुंध्याजवळच्या एकाबद्दल अजून ठरत नाहीये. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो, दिव्याखाली सगळंच पिवळं येतंय.